बापूच्या गाडीला चाक बसेना

टायरच्या दुकानात एक बाकडं टाकलं की किस्से आपोआप जमतात. रिकामटेकडे येतात, चहा येतो, बोलता बोलता एकाचे दोन होतात. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या रशीदभाईंच्या दुकानात तर टायर कमी आणि किस्से जास्त, अशी परिस्थिती होती! मी तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या सुमाराला, शेजारच्या फौंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे करायचो. सुट्टी झाली की मुक्काम रशीदभाईंच्या बाकड्यावर. तिथल्या एकाच गाडीनं आम्हाला इतकं हसवलंय आणि रडवलंय की बाकीच्या गाड्या आता आठवतसुद्धा नाहीत.

गाडी बापू पाटलाची. बापू उचगावचा. घरी ऊस, गुऱ्हाळ, म्हशी, पण याच्या डोक्यात सगळा पेट्रोलचा धूर. कुठल्याशा सरदारांच्या गॅरेजात धूळ खात पडलेली दोन सीटची विलायती स्पोर्ट्स गाडी त्यानं उचलून आणली. गाडी मुळातच बुटकी. त्यात या पठ्ठ्यानं स्प्रिंगा कापून ती आणखी खाली बसवली! मूळची चाकं गंजून गेली होती. आता हिला रुंद चाकं आणि रुंद टायरच पाहिजेत, असा त्यानं हट्ट धरला.

बापूचे वडील आबा. अंगानं भारदस्त, आवाजानं त्याहून. एक दिवस ते दुकानात आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सगळ्यांदेखत बजावलं, "दसऱ्याला म्या ह्यात बसून जोतिबाला जानार. वाटंत चाक कुटं घासलं, तर गाडी तितनंच भंगारात! आलं का ध्येनात?"

बापूचा चेहरा खाडकन उतरला. त्या गाडीवर त्याचा किती जीव होता ते आम्ही रोज बघत होतो. तेव्हापासून चाक बापूचं, पण घोर तिघांना!

*

पहिल्यांदा बापू मुंबईला गेला आणि जुन्या बाजारातून अ‍ॅल्युमिनियमची चार चाकं घेऊन आला. काय चाकं होती! आरशासारखी लखलखीत. एसटीच्या टपावरून स्वतःच्या हातानं उतरवून घेतली, हमालाला हात लावू दिला नाही.

रशीदभाईंनी जॅक लावला, चाक उचललं, गाडीला धरलं आणि तसंच खाली ठेवलं. गाडीला चाक अडकवायचे स्टड चार आणि चाकाला भोकं पाच!

"बापू, भोकं मोजली न्हाईस व्हय रं?"

"मोजली की!" बापू म्हणाला. "पाच हायती म्हनून तर घेतली. म्हटलं, एक जादा आसूंदे!"

*

मग मी म्हटलं, जाऊ दे, आपण कोल्हापुरात बसलोय, चाकं आपणच ओतू. मी साचा केला, फौंड्रीत चार चाकं ओतून निघाली, टर्नरनं साफ केली. भोकं चारच. ती मी स्वतः तीनदा तपासली! त्यावर रशीदभाईंनी रुंद टायर चढवले. गाडी उभी राहिली तेव्हा बापूच्या डोळ्यांत पाणी आलं.

चूक एवढीच झाली की चाकं मडगार्डच्या बाहेर वीतभर आली. दुसऱ्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि बापूनं हौसेनं गाडी रंकाळ्यावर काढली. गाडीवर चिखलाचा एक थेंब नाही. दोन्ही बाजूंची माणसं मात्र डोक्यापासून पायापर्यंत माखली!

एका गृहस्थाचं पांढरं धोतर पार गेलं. त्यानं गाडी अडवली, आत वाकून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "पावनं, रंगपंचमी हून गेली की ओ. तुमच्याकडं उशिरा आस्ती काय?"

*

मग चाकं मागून खरडून आत घेतली. जरा जास्तच आत गेली. गाडीचं अंग पूर्वी कधीतरी ठोकून सरळ केलेलं असावं, कारण उजवीकडं वळताना सगळं झकास आणि डावीकडं वळवलं की पुढचा टायर आत घासायचा. बापूनं तोड काढली. डावीकडं वळायचंच नाही!

एकदा मला म्हणाला, "चल, मिसळ खाऊन येऊ." निघालो. मिसळीचं दुकान डाव्या हाताच्या गल्लीत. आम्ही उजवीकडं वळलो, मग पुन्हा उजवीकडं, मग आणखी उजवीकडं. मिसळीचा वास येऊन गेला, दुकान काही येईना. शेवटी गाडी थांबली ती रशीदभाईंच्या दारात!

रशीदभाई चहाची बशी हातात धरून बसले होते. म्हणाले, "आलासा? तर्री कशी हुती?"

*

टायर नेमका कुठं घासतो हे कळायला हवं होतं. रशीदभाई म्हणाले, मडगार्डच्या आत काहीतरी मऊ लावा, टायर जिथं घासेल तिथं दबेल. आता गुऱ्हाळवाल्याच्या पोराला मऊ म्हटलं की काय सुचणार? बापूनं घरचा चिकीचा गूळ आणला आणि चारी मडगार्डच्या आत थापला. युक्ती नामी होती. बापूनं गाडी गावातून फिरवली आणि गुळावर टायरचा छाप लख्ख उमटला.

येताना बापू गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला थांबला. दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतातच. पेला तोंडाला लावून वळून बघतो तर एक म्हैस मान वाकडी करून मडगार्डात जीभ घालतेय! बापू ओरडला, "आवो, म्हस आवरा! माजं समदं माप खाल्लं तिनं!"

गवळी धार सोडून उठलासुद्धा नाही. "मग आता तिलाच इचार की, किती घासतंय ते!"

*

पुन्हा गूळ थापून माप घेतलं, तेवढं मडगार्ड आतून ठोकलं आणि घासायचं थांबलं. दसरा तोंडावर आला तेव्हा रशीदभाईंना शंका आली. गाडीत बापू एकटा असताना ठीक, आबा बसल्यावर काय? म्हणून तालमीतला एक पैलवान बोलावला. तो डावीकडच्या सीटवर बसला, बापूनं सरळ रस्त्यावर चक्कर मारली. घासलं नाही! आम्ही टाळ्या वाजवल्या.

पण पैलवानाला बाहेर येता येईना. गाडी जमिनीला टेकलेली, पाय लांब पसरलेले, उठायला जोर कुठून आणणार? दोघांनी ओढून काढला. अंग झटकत म्हणाला, "आजवर मला कुनी चितपट केलं न्हवतं. ह्या गाडीनं केलं!"

*

दसऱ्याला आबा नवा फेटा बांधून आले. छपराला लागतो म्हणून फेटा मांडीवर घेऊन बसले. बापू, शेजारी आबा, आणि मागं स्कूटरवर रशीदभाई आणि मी. घाट लागेपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली.

घाटाच्या पहिल्याच उजव्या वळणावर आबांचा सगळा भार डाव्या चाकावर आला आणि "घर्रर्र!" रबराचा वास आमच्यापर्यंत आला. सरळ रस्त्यावर हे कळलंच नव्हतं! बापूनं गाडी थांबवली.

आबांनी दार उघडलं, दोन्ही हात रस्त्यावर टेकून बाहेर आले, फेटा डोक्यावर ठेवला आणि वळण चालत पार केलं. बापूनं मोकळी गाडी पुढं नेली. आबा परत आत बसले. पुढच्या उजव्या वळणाच्या आधी तेच म्हणाले, "थांब." पुन्हा उतरले, पुन्हा चालले. असं सगळा घाटभर! गुलालानं माखलेली माणसं ट्रकमधून वाकून वाकून बघत होती.

वर पोचता पोचता, आबा घामाघूम होऊन चालत असताना, ओळखीच्या एका दुकानदारानं हाक मारली, "पाटील, गाडी बिगाडली व्हय?"

बापूनं स्टिअरिंगवर मान खाली घातली. आम्ही स्कूटर थांबवली.

आबांनी फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं.

"गाडीला काय धाड भरलीया? मीच जड झालोय."