सामान हक्क केंद्र

आशाबाईंना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. माहेर पाचोडकडचं. बालपण मेंढरांमागं गेलं. मेंढरं चालली की चालायचं आणि ती थांबली की काठीवर हनुवटी टेकून उभं राहायचं. लग्नात एकदाच्या पाटावर बसल्या, तर मांडवात बकरी शिरली. ती हाकलायला नवरीइतकं वाकबगार कुणी नव्हतं, म्हणून मुंडावळ्या सावरत नवरीच उठली. पुढं नवरा रामहरी वाळूजला कंत्राटी कामाला लागला, बिऱ्हाड मुकुंदवाडीत आलं आणि आशाबाई गारखेड्यातल्या सुखशांती कॉलनीत धुण्याभांड्याला जाऊ लागल्या.

सकाळची घरं दुपारच्या आत आटोपायची आणि संध्याकाळची घरं ऊन उतरल्यावर धरायची. मधली दुपार मात्र बेवारस होती. घरी जाऊन यायचं म्हटलं तर ती सगळी चालण्यातच जाई.

कॉलनीत बसायला जागा नव्हती असं नाही. बागेत बाकडी होती, पण त्यांवर 'फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी' असं लिहिलेलं. आशाबाईंनी एकदा टेकून पाहिलं.

"मावशी, वय किती तुमचं?" वॉचमननं विचारलं.

"लग्नाच्या वक्ताला ठाऊक होतं."

"मग उठा."

जिन्यात बसलं तर येणारा-जाणारा विचारी, "काय पाहिजे?" बसायला पाहिजे, हे उत्तर कुणालाच पटत नसे. एखादी मालकीण मायाळू निघाली तर म्हणे, "बसलाच आहात, तर एवढा लसूण सोला." गुडघे तर आता बोलायला लागले होते. आयुष्याकडं आशाबाईंचं मागणं म्हणाल तर एवढंच उरलं होतं: दुपारच्याला, सावलीत, हातात काही न घेता, बूड टेकायला मिळावं.

त्याच सुमारास कॉलनीचे अध्यक्ष नानासाहेब यांनी 'सुखी वसाहत' स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. नानासाहेब सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. नियमाशिवाय त्यांना घास गिळत नसे. स्पर्धेत समतेला वेगळे गुण होते, म्हणून बंद पडलेल्या सभागृहाला नाव द्यायचं ठरलं, 'समान हक्क केंद्र, सर्वांसाठी खुले'. पाटी रंगवायला सांडू पेंटर आला. सांडूची उभी हयात किराणा सामान, मंडप सामान, शेतीचे सामान लिहिण्यात गेलेली. सवयीनं हात चालला आणि पाटी झाली: 'सामान हक्क केंद्र'.

ती वाचून नानासाहेब बसलेच खाली.

"अरे, समान! समान सांगितलं होतं!"

"साहेब, माझा हात काना दिल्याबिगर उठतच नाय. पर एवढं मोकळं 'समान' कोन लिवून घेतं? आजवर एकपन गिऱ्हाईक आलं नव्हतं."

काना पुसायला काय लागतं? पण कॉलनीचा सचिव अभय पेशानं वकील होता. पाटीचा फोटो त्यानं आधीच स्पर्धेला पाठवून दिला होता. तो म्हणाला, "आता पाटी बदलली तर परीक्षक म्हणतील, ही इमारतच दुसरी आहे. सरळ बाद करतील."

"मग करायचं काय?"

"पाटीवर जे आहे ते चालवायचं."

अशा रीतीनं सुखशांती कॉलनीत सामान हक्क केंद्र सुरू झालं. लोकांना ते इतकं आवडलं की विचारू नका. न चालणाऱ्या व्यायामाच्या सायकली आल्या. मोडका सोफा आला, लेकरं मोठी झाल्यानं रिकामे पडलेले पाळणे आले. एका सुनेनं सासूबाईंचा जुना बंब आणला आणि सासूबाई झोपेतून उठायच्या आत तो कोपऱ्यात लावला. नानासाहेबांनी प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायला लावली आणि दारावर नियम लिहिला: 'आत फक्त सामान राहील. माणसांनी थांबू नये.'

तो नियम दीपालीनं, म्हणजे नानासाहेबांच्या सुनेनं, झाडायला आलेल्या आशाबाईंना वाचून दाखवला. आशाबाईंनी आत पाहिलं. आत पंखा फिरत होता. सामानाला बुरशी येऊ नये म्हणून तो दिवसभर चालू असे. मोडका सोफा हातपाय पसरून पडला होता आणि त्याला कुणी "काय पाहिजे?" असं विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाबाई, म्हणजे आशाबाईंच्या जोडीनं भांडी घासणारी बाई, आशाबाईंचा दंड धरून केंद्राच्या दारात उभी राहिली.

"नानासाहेब, सामान ठिवायचं हाय."

"कुठंय सामान?"

"हे काय. लई नाजूक हाय. गुडघ्यात आवाज येतो. उभं ठिऊ नका, आडवं ठिऊ नका. बसतं ठिवा."

"वच्छलाबाई, चेष्टा पुरे. हे माणूस आहे."

"कुनी सांगितलं? इतकी वर्सं झाली, जिन्यात वलांडूनच तर जाता तुमी हिला."

नानासाहेबांनी शेजारी उभ्या अभयकडं पाहिलं. अभयनं नियम पुन्हा वाचला. सामानाची व्याख्या कुठंच नव्हती. "ज्याला चिठ्ठी आहे आणि जे बोलत नाही ते सामान, असं धरता येईल," तो म्हणाला. आशाबाईंनी तोंड मिटलं आणि गळा पुढं केला. चिठ्ठी बांधली गेली. मग त्या आत जाऊन बंब आणि पाळणा यांच्यामध्ये भिंतीला पाठ लावून बसल्या. मांडीवरचे हात रिकामे होते. ते कुठं ठेवायचे हे त्यांना बराच वेळ उमगेना.

हां हां म्हणता बातमी कॉलनीभर झाली. बाया एकमेकींना ठेवून जाऊ लागल्या. स्वयंपाकाच्या करुणानं तर स्वतःच्या चिठ्ठीवर 'ही बाजू वर' असं लिहून घेतलं. कुणाला हसू आलं की बाकीच्या डोळे वटारत, कारण बोललं की माणूस ठरायचं आणि माणसाला बाहेर काढायचं.

मग परीक्षक आल्या. तनुजा मॅडम त्यांचं नाव. नानासाहेबांनी पुष्पगुच्छ दिला, दार उघडलं आणि पाहतात तो काय! आत रांगेनं बाया, गळ्यात चिठ्ठ्या. मॅडम आशाबाईंपुढं वाकल्या.

"ताई, तुम्ही इथं कशासाठी बसलात?"

आशाबाई गप्प. बोलल्या की दुपार गेली.

"त्ये सामान हाय," दारातून वच्छलाबाई म्हणाली. "बोलत नाय."

मॅडम सावकाश वळल्या. "अध्यक्ष, तुमच्या वसाहतीत बायका सामान आहेत?"

नानासाहेबांना खोटं बोलायची सवय नव्हती.

"फक्त दुपारी," ते म्हणाले.

स्पर्धेचं काय झालं ते सांगायला नकोच. त्याच संध्याकाळी सांडूला बोलावून काना पुसला गेला. पाटीवर 'समान हक्क केंद्र' हे शब्द आले आणि दाराला कुलूप आलं. व्याख्यान असेल तेव्हाच उघडायचं, असा ठराव झाला. व्यायामाच्या सायकली आपापल्या घरी परतल्या, बंब सासूबाईंकडं गेला आणि त्या घरात जे झालं ते वेगळं सांगण्यासारखं आहे.

आशाबाई दुपारी आल्या. कुलूप पाहिलं, पाटीकडं पाहिलं.

"काय लिवलंय आता?"

"समान," करुणा म्हणाली. "म्हंजे सगळे सारखे."

"मंग आत कोन हाय?"

"कुनीच नाय."

"व्हय, सारखंच झालं की."

असं म्हणून त्या पायरीवर बसल्या. वच्छलाबाई बसली, करुणा बसली, मागून येणाऱ्या सगळ्या बसल्या. ऊन उतरलं, घरं उघडली, ओट्यावरची भांडी वाट पाहू लागली. कुणी उठेना. गॅलऱ्यांतून हाका आल्या. शेवटी नानासाहेब तणतणत खाली आले.

"हा संप आहे का?"

"नाय," आशाबाई म्हणाल्या. "बसलोय."

"किती वेळ?"

"आत बसू दिलं तर दुपारपुरतं. भाईर ठिवलं तर कधी उठू त्याचा नेम नाय. सवय नाय ना साहेब आमाला. उठायचं कधी ते कळत नाय."

मागोमाग आलेला अभय म्हणाला, "काना परत देऊ. चिठ्ठ्या बांधून बसा, हवं तर."

वच्छलाबाई उठायलाच लागली होती. आशाबाईंनी तिचा पदर ओढला.

"चिठ्ठी नको. गळ्याला टोचती. आन गप बसावं लागतं."

"मग तुम्हाला केंद्राची राखण देऊ," नानासाहेब म्हणाले. "बसून काम."

"काम नको."

"अहो, पण मग आत बसायचं कोण म्हणून? सामान नाही, सभासद नाही, नोकर नाही. नियमात कुठं घालू मी तुम्हाला?"

आशाबाईंनी जरा विचार केला. एवढा मोठा माणूस अडला होता, त्याला वाट काढून देणं भाग होतं.

"बसनारी म्हनून घाला."

नानासाहेबांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. वर त्यांच्याच घरातून दीपालीची हाक आली, की कुकर घासल्याशिवाय जेवण नाही. तिथल्या तिथं सभा भरली आणि ठराव झाला: केंद्रात सभासद, सामान आणि बसणारे असे तीन वर्ग राहतील. बसणाऱ्यांना कारण विचारलं जाणार नाही. ठराव एकमतानं संमत झाला, कारण सगळ्यांनाच भूक लागली होती.

तेव्हापासून केंद्र दुपारी उघडं असतं. आशाबाई आत भिंतीला पाठ लावून बसतात, मनाला येईल ते बोलतात किंवा बोलत नाहीत. परवा नानासाहेब दारात येऊन घुटमळले. घरात सून म्हणते, बाबा, मधे-मधे येऊ नका. बागेत बाकड्यावर बाकीचे ज्येष्ठ राजकारण बोलतात.

"बसणाऱ्यांत मी चालेन का?"

"या की," आशाबाई म्हणाल्या. "चपला भाईर काढा."

नानासाहेब बसले. थोड्या वेळानं त्यांनी सतरंजीचं टोक सरळ केलं. मग खिडकीची कडी पाहिली. मग उठून, चपलांच्या रांगा नीट लावाव्यात का, असं विचारलं.

आशाबाईंनी त्यांच्याकडं मायेनं पाहिलं.

"साहेब, आज नाय जमलं तुमाला. उद्या या."