अक्काच्या सासऱ्यांची लवचीकता चाचणी

माझ्या बहिणीचे सासरे रविवारी सकाळी आमच्या घरी उप्पीट खायला आले आणि बुधवारी दुपारी परत गेले. मधला सगळा वेळ ते आमच्या हॉलमध्ये जमिनीवर आडवे होते. कारण मी.

अर्थात, तेव्हा ते सासरे झाले नव्हते. इनामदारकाका धारवाडहून पत्नी आणि मुलगा श्रीकांत यांना घेऊन अक्काला बघायला आले होते. मी नव्वदच्या दशकातल्या नव्या फॅशनप्रमाणे राजाजीनगरच्या एका जिममध्ये शिकाऊ ट्रेनर म्हणून लागलो होतो. (खाली बेकरी, वर जिम. लोक वर जाळलेलं खाली भरून काढत.) गिऱ्हाइकाला वजनं देण्याआधी त्याला तपासायचं कसं, हे आमचे सर शिकवत. नाडी मोजायची, पायरीवर चढ-उतर करायला लावून दम बघायचा, पाय लांब करून बसवायचं आणि हात पुढे कुठवर पोचतात ते पट्टीने मोजायचं. सरांचा नियम एकच, आधी विचारा, मग वाकवा. जुनं दुखणं, ऑपरेशन, औषधं, सगळं विचारायचं. मला त्यातलं 'वाकवा' तेवढं आवडलं होतं.

पण घरात सरावाला माणूस मिळेना. आई म्हणाली, "मी दिवसभर वाकतेच आहे, ते मोज." अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हात पुढे केला, पण फोनवर एका व्यापाऱ्याशी भांडता भांडता. त्यांची नाडी मोजून मलाच घाम फुटला.

त्या रविवारी हॉलमध्ये भयंकर शांतता होती. अक्का आणि श्रीकांत आपापल्या बशीतल्या काजूंकडे बघत होते. अण्णांनी पावसापाण्याचं दोनदा विचारून झालं. हे स्थळ त्यांना फार मनापासून हवं होतं. शेवटी काकांनी मला विचारलं, "तू काय करतोस रे?"

"लोकांचा फिटनेस तपासतो."

"अस्सं? मग माझा तपास की. जंगल खात्यात नोकरी झाली माझी. डोंगर चढलोय."

आईने मला डोळ्यांनी 'नको' म्हटलं. मी तोवर भिंतीला पाट टेकवून फूटपट्टी आणलीही होती. काका पाय लांब करून बसले, तळवे पाटाला लावले, हात पुढे केले.

"अजून थोडं, काका," मी म्हणालो.

काका आणखी वाकले. 'कट्' असा बारीक आवाज आला. बोटं पायाच्या अंगठ्याला टेकलेली होती, आणि तिथेच राहिली.

"छान. आता सरळ व्हा."

"झालो असतो की," काका गुडघ्यांकडे बघत म्हणाले.

पुढची काही मिनिटं मला नीट आठवत नाहीत. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना हळूहळू कुशीवर केलं आणि मग उताणं. मी कसंबसं विचारलं, "याआधी कधी कंबर धरली होती का?"

"दोनदा."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?"

समोरच्या घरातले डॉक्टर आले. तपासून ते कानडीत म्हणाले, "स्वल्प रेस्ट बेकु. यांना हलवू नका." म्हणजे थोडा आराम हवा हे खरं, पण डॉक्टरांचा 'थोडा' बुधवारपर्यंत चालला. अण्णा माझ्याशी बोलेनात. काका मात्र जमिनीवरून म्हणाले, "आता तू बस. बघू तुझं."

मी पाटापुढे बसलो. हात नडगीच्या मध्यावर थांबले. मी जोर लावला, श्वास सोडला, पुन्हा जोर लावला. नडगी ती नडगीच.

पहिल्यांदा हसली ती अक्का. मग श्रीकांत. मग काका हसायला गेले आणि "अय्यो, हसवू नका रे" म्हणून कळवळले, त्यावर सगळेच हसले. अण्णासुद्धा, माझ्याकडे न बघता.

त्यानंतर कोणी कोणाला 'बघायचं' राहिलंच नाही. काकू स्वयंपाकघरात आईला धारवाडी थालीपीठ शिकवू लागल्या. औषध आणायला श्रीकांतला रस्ता माहीत नव्हता म्हणून अक्का बरोबर गेली. कोपऱ्यावरचं दुकान, पण त्यांना यायला इतका वेळ लागला की आईने मला शोधायला पाठवलं. दोघं बेकरीपाशी उभी होती. अक्का हात पुढे करून नडगीपाशी अडकल्याची नक्कल करत होती आणि श्रीकांत पोट धरून हसत होता. मी तसाच परत फिरलो.

मंगळवारी काका पडल्या पडल्या अण्णांना म्हणाले, "पोरं आपसात ठरवून मोकळी झाली असं दिसतंय. आपण नुसतं सरी, ठीक आहे, म्हणायचं."

"सरी," अण्णा म्हणाले, आणि रविवारनंतर प्रथमच माझ्याशी बोलले. "जा, पेढे आण."

लग्नात काका प्रत्येक पाहुण्यापुढे मला उभं करत. "हे नवरीचे धाकटे बंधू. यांनी मला आडवं केलं, म्हणून आज हा मांडव उभा आहे." पंगत बसेपर्यंत मांडवभर झालं की नवरीचा भाऊ पैलवान आहे. मी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. मग हुबळीचे एक आजोबा मुद्दाम उठून आले, त्यांनी कौतुकाने माझा दंड चाचपला, आणि दुसराही चाचपून बघून प्रेमाने म्हणाले, "जेव बाळ, पोटभर जेव."