ओल्या केसांच्या वहिनी

हळदीकुंकवाच्या दिवशी आमच्या घरी करंडा, अत्तरदाणी आणि वाणाच्या वस्तूंबरोबर एक जुना टॉवेलही काढून ठेवलेला असे. तो वहिनींसाठी. आल्मेरे या आमच्या डच गावातल्या बाकीच्या बायका पैठण्यांच्या निऱ्या सांभाळत गाडीतून उतरत. वहिनी सगळ्यांच्या शेवटी, सायकलवरून, कमरेखाली पोचणारे ओलेचिंब केस पाठीवर सोडून येत. तेही संक्रांतीच्या सुमाराला! मागच्या कालव्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला आणि ही बाई नुकती न्हाणीघरातून बाहेर पडल्यासारखी दारात उभी. “टॉवेल दे गं आधी, नाहीतर तुझा सोफा भिजवीन,” असं म्हणत त्या तो खांद्यावर पसरत आणि मग एखाद्या महाराणीच्या ऐटीत बसत.

त्यांचे यजमान आमच्या सगळ्यांच्या आधी इथे आलेले. कुणाला घर शोधून दे, कुणाला गाडीतून सामान आणून दे, असं करत ते इथल्या अख्ख्या मराठी मंडळाचे दादा झाले, आणि मग या आपोआप वहिनी झाल्या. पण वहिनी आमच्यात ढिगाने होत्या. त्यामुळे नुसतं वहिनी म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, “कुठल्या? ओल्या केसांच्या?”

या केसांवर मंडळात बरीच चर्चा व्हायची. कुणी म्हणे, नवस असेल. कुणी म्हणे, पोहायला जात असतील. एकदा माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. वहिनी बाहेरून आल्या की अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला हात लावत नाहीत, कपडेसुद्धा मागच्या अंगणातल्या सायकलींच्या शेडमध्ये बदलतात, हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्या भारावूनच गेल्या. हळदीकुंकवाला भर बैठकीत मला म्हणाल्या, “बघ, परक्या मुलखात राहून किती कडक सोवळं पाळते ही. शीक जरा.” वहिनींनी तिळगूळ तोंडात टाकला, शांतपणे चावून खाल्ला आणि म्हणाल्या, “अहो काकू, सोवळं कसलं? मी कॅसिनोत काम करते.”

 “म्हणजे तिथल्या ऑफिसात ना?” एकीने सगळ्यांच्या वतीने आशेने विचारलं. “छे गं. खाली, जुगाराच्या मशीनांवर. नोट अडकली की काढायची, कुणाला मोठी रक्कम लागली की हातात नेऊन द्यायची. सगळ्यांना वाटतं, आज आपण जिंकणार. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. आहे, मला आधीच माहीत असतं.” सासूबाईंनी त्यानंतर मला काही शिकायला सांगितलं नाही.

आम्हाला ते काम विचित्र वाटे, पण वहिनींचा त्या नोकरीवर अतोनात जीव होता. दादांच्या व्हिसावर आलेल्या त्या, पदवी बॅगेत आणि भाषा शून्य. कितीतरी वर्षं घरात बसून काढली, मग संध्याकाळच्या वर्गाला जाऊन डच शिकल्या, आणि पहिली मिळाली ती ही नोकरी. “इतकी वर्षं माझं नाव नुसतं दारावरच्या लेटरबॉक्सवर होतं, तेही यांच्या नावाखाली,” त्या म्हणत. “आता छातीवर पाटी लावून फिरते.” ती पाटी त्या स्वतःच्या ओढणीने पुसताना मी पाहिलं आहे. पैसे लावून त्या आयुष्यात एक पत्ता खेळल्या नाहीत. आमच्याकडे बदाम सात खेळायला बसल्या की मात्र युद्ध! सत्त्या अडवून धरायच्या आणि आमच्याकडे बघून गालातल्या गालात हसायच्या.

त्या कॅसिनोत एक काचेची खोली होती. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी. बाकी सगळीकडे मनाई, पण या खोलीत बसून ओढायचं आणि ओढता ओढता खेळायचं, कारण आत मशीनंही ठेवलेली. आत नोकरांनी कसली सेवा द्यायची नाही, असा नियम होता म्हणे. पण आतल्या मशीनवरचा दिवा लुकलुकला की कुणीतरी जायलाच लागायचं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा वहिनी असायच्या. आत एक डच आजोबा ठाण मांडून बसत. बायको गेल्यापासून घरी करमत नाही म्हणून रोज येणारे. ते खोकायचे, वहिनी खोकायच्या, आणि मग आजोबा त्यांना खिशातली पेपरमिंटची गोळी द्यायचे. “माणूस सोन्यासारखा आहे,” वहिनी म्हणत, “पण धुराड्याखाली जन्मलाय.”

वहिनींना स्वतःच्या खोकल्याचं फारसं काही नव्हतं. खरी गोष्ट दादांची होती. दादांना लहानपणापासून दमा. इथे आल्यावर बरीच वर्षं तो गप्प होता, मग अचानक बळावला. आमच्या इथल्या घरच्या डॉक्टरांचा सगळा विश्वास पॅरासिटमॉलवर. त्यांनी आधी ते दिलं, मग गवताच्या परागकणांना दोष दिला, मग घरातल्या ओलीला. एकदा वहिनी कामावरून परस्पर दवाखान्यात गेल्या, दादांना सोबत म्हणून. डॉक्टर मान वर करून म्हणाले, “घरात सिगारेट कोण ओढतं?” दोघंही म्हणाले, कुणीच नाही. डॉक्टर वहिनींकडे बघत राहिले. म्हणाले, “तुमच्या केसांना वास येतोय.”

मला हे सांगताना वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चिरकला होता. “म्हणजे मी घरी यायची आणि यांचा श्वास कोंडायचा. मी जवळ जायची, पाठीवर हात फिरवायची, आणि तो जास्तच कोंडायचा.”

त्या दिवसापासून शेड सुरू झाली. कामावरून आल्या की मागच्या दाराने शेडमध्ये, युनिफॉर्म तिथेच खुंटीला, अंगावर जुना गाउन, तडक बाथरूम, आणि डोक्यावरून अंघोळ. रोज. धूर कपड्यांतून निघतो, केसांतून सहजी निघत नाही. दादांची गाडी दारात उभी असताना वहिनी अर्ध्या तासाच्या अंतरावरून पावसात, वाऱ्यात सायकल मारत यायच्या, कारण बंद गाडीत त्या शेजारी बसल्या की दादांना दम्याचा पंप काढायला लागायचा. नवरा रोज संध्याकाळी खिडकीशी उभा राहून बायको शेडमध्ये शिरताना बघायचा आणि बाथरूमचं पाणी बंद होण्याची वाट बघायचा. मला हे कळलं त्या दिवसापासून मी त्यांच्या केसांवर विनोद केला नाही. टॉवेल मात्र जाडसर घेतला.

सल्ले द्यायला आपली माणसं कधी कमी पडत नाहीत. “केस कापून टाका, सुटसुटीत,” असं निम्म्या बायका म्हणत. “नोकरी सोडा,” असं उरलेल्या निम्म्या. दादासुद्धा एकदा धीर करून तेच म्हणाले. वहिनींचं सगळ्यांना एकच उत्तर असायचं. “केसांनी काय केलंय? नोकरीनं काय केलंय? मी का जाऊ? धुरानं जावं!” आणि हे म्हणताना हात असा करायच्या, जणू ओट्यावरून मांजर हाकलतायत.

मग करोना आला आणि कॅसिनो बंद झाला. इकडे आमचं मंडळ पुरतं भेदरलं. बाजारातून आलं की कपडे कुठे काढायचे, आधी हात धुवायचे की दाराची कडी? एकेका दुधाच्या डब्याला अंघोळ घालणाऱ्या आम्ही शेवटी वहिनींना फोन केले. त्यांनी ग्रुपवर पद्धत सांगितली. दाराबाहेर खुंटी हवी, केस स्कार्फमध्ये बांधा, गाउन आधीच काढून ठेवा, वाटेत कुणाशी बोलत थांबू नका. आणि शेवटी लिहिलं, “या, बसा आता सगळ्या माझ्या पंगतीला.” आमच्यापैकी निम्म्या जणी त्या वसंतात ओल्या केसांनी फिरत होत्या.

फिरत नव्हत्या त्या फक्त वहिनी. त्यांचे केस वाळले. तेल लागलं, घट्ट वेणी आली. आणि दादांचा पंप टेबलावरून कपाटात गेला. संध्याकाळी दोघं पाण्याकाठच्या बांधावरून सायकलींवर जाताना दिसायचे. आधी दादा वाऱ्याविरुद्ध दहा पायडल मारून थांबायचे, आता बोलत बोलत जायचे. मला वाटलं, सगळं छान झालं. वहिनींना मात्र घोर लागला होता. “उघडलं की पुन्हा तेच,” त्या आमच्या कुंपणापलीकडे सायकल थांबवून म्हणाल्या. “आता तर मला कळलंय गं, हे किती छान श्वास घेतात ते. कळल्यावर पुन्हा कशी जाऊ मी तिथे?” सोडा म्हणावं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांच्या ओढणीला ती पाटी लावलेली दिसली. नोकरी बंद असतानाही लावलेली. 

कायदा तोवर झालेला होता. बारमधल्या, कॅसिनोतल्या या धुराच्या खोल्यांनासुद्धा आता परवानगी नाही, असा कोर्टाचा निकाल लागून मुदतही ठरली होती. पण वहिनींच्या कॅसिनोतल्या साहेबाचा हिशोब वेगळा होता. आधीच धंदा बसलाय, ओढणारी गिऱ्हाइकं तुटली तर संपलंच, आणि करोनात काच तपासायला कोण येतंय? पुन्हा उघडण्याआधी सगळ्या नोकरांची ऑनलाइन बैठक झाली. त्याची हकीकत मला दादांनी सांगितली, कारण ते स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी काढून श्वास रोखून ऐकत होते. साहेबाने दीड मीटरचे बाण दाखवले, हात धुवायच्या बाटल्या दाखवल्या, मशीनांमधले पडदे दाखवले. शेवटी हळूच म्हणाला की काचेची खोली ‘सध्या’ चालू राहील, आत माणसं कमी बसवू.

वहिनींनी माइक चालू केला. त्यांचं डच संध्याकाळच्या वर्गाचं, एकेक शब्द जागेवर ठेवत जाणारं. म्हणाल्या, “विषाणूपासून आम्हाला दीड मीटर दूर ठेवताय, त्याबद्दल आभार. धुरात मात्र आत जायला सांगताय. कॅसिनो बंद असल्यापासून माझा नवरा नीट श्वास घेतोय. मला काम करायचंय, पहिल्याच दिवशी यायचंय. मी का जाऊ? धुरानं जावं. आणि हे मी नाही, कायदा म्हणतोय.”  मग मशीनं दुरुस्त करणारा एक दांडगा माणूस म्हणाला, “माझी बायकोही मला गॅरेजमध्येच कपडे काढायला लावते.” मग आणखी एक बोलला. मग सफाईवाली बोलली. साहेबाने चष्मा काढला, पुसला, आणि बघतो म्हणाला. कायदा काही वहिनींनी आणला नाही. पण तो त्या खोलीपर्यंत चालत आला नव्हता, आणि त्याला हाताला धरून आत नेणारं माणूस कुणीतरी लागतंच.

उघडलं तेव्हा खोलीतली मशीनं आणि गालिचा गेलेला होता. काच तेवढी राहिली. तिथे नोकरांचा चहा सुरू झाला. वहिनी त्याच काचेआड बसून थालीपीठ खात. आजोबांनी पहिल्या दिवशी रुसून जाहीर केलं की ही जागा आता इस्पितळासारखी झालीय, मी परत येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते आले. सिगारेटची तलफ आली की बाहेर छपराखाली जात, आणि इथला पाऊस आडवा, त्यामुळे डोकं भिजवून परत येत. “आता ओले केस त्यांचे,” वहिनी मला फोनवर हसू आवरत म्हणाल्या. “पण सिगारेट कमी झालीय हं. प्रत्येक वेळी उठायचा कंटाळा येतो त्यांना.”

त्या वर्षी गौरी बसवल्या, पण हळदीकुंकू असं की एका वेळी दोघीचौघी, करंडा स्टुलावर ठेवून मी तीन पावलं मागे. दुपारी बाकीच्या येऊन गेल्या. मी सवयीने टॉवेल घेऊन दाराशी उभी राहिले आणि सायकलीच्या घंटेची वाट बघत होते. दारात गाडी थांबली. दादांची. शेजारच्या सीटवरून वहिनी उतरल्या, युनिफॉर्ममध्ये, छातीवर पाटी, सरळ कामावरून आलेल्या. केस कोरडे. जाड, काळेभोर, घट्ट वेणीत, आणि वेणीत पिवळी शेवंती.

“हे न्यायला आले होते,” त्या म्हणाल्या. आणि एवढं बोलून त्यांचे डोळे भरून आले. “काचा बंद करून आलो गं. सगळ्या.”

“फूल वाकडं बसलंय, वहिनी,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. “राहू दे,” त्या म्हणाल्या, “यांनी लावलंय.” दादा गाडीला टेकून उभे होते. त्यांनी पुढे होऊन ते फूल सरळ केलं, वेणीवर अगदी वाकून, सावकाश, आणि मोठा श्वास घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच खिरीखालचा गॅस लहान-मोठा करत बसले.

पुढच्या वर्षी दादांचं ऑफिस बदललं आणि ते दोघं दूरच्या कापेल गावात राहायला गेले. वहिनींना तिकडेही एका कॅसिनोत काम मिळालं. त्यांनी मुलाखतीत आधी काय विचारलं असेल, ते सांगायला नको. जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला आल्या, केस कोरडेच. मी ओटी भरली. निघताना दाराशी अडखळल्या.

“तो माझा टॉवेल आहे का गं अजून?”

मी आणून दिला. म्हटलं, “आता कशाला हवाय तुम्हाला?”

“मला नको,” त्यांनी तो घडी करून सायकलच्या टोपलीत नीट ठेवला. “आज इथल्या कामावरची शेवटची पाळी आहे. पाऊस येणार म्हणतायत, आजोबांना लागेल.”