काकूंच्या मापाची मोटार

माधवराव शेवडे यांची आणि माझी पहिली भेट इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या मोटार कारखान्यात झाली. मी पुण्याहून नुकतीच रुजू झाले होते. गाडीच्या दाराचं माझं ड्रॉइंग त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "छान आहे. पण हे दार लावल्यावर आवाज कसा येईल?" मग त्यांनी मला पार्किंगमध्ये नेऊन निरनिराळ्या गाड्यांची दारं आपटून दाखवली. सुरक्षारक्षक धावत येईपर्यंत आमचा अभ्यास चालला होता. तेव्हापासून ते माझे गुरू, आणि आपल्या इथल्या मराठी मंडळाचे तर ते लाडके माधवकाका आहेतच.

निवृत्तीनंतर काकांनी एका शेतकऱ्याच्या कोठारातून युद्धापूर्वीची मोटार आणली. तळ गंजून गेलेला, इंजिनाच्या जागी कोंबड्यांचा संसार. तिची त्यांना पारंपरिक हॉट रॉड करायची होती. म्हणजे छत कापून बुटकं करायचं, अंगावरचं जास्तीचं सगळं उतरवायचं आणि दणकट इंजिन बसवायचं, तेही जुन्याच काळातलं. विंटेज गाडीला करवत लावणार म्हणून मंडळात काहींनी नाकं मुरडली. काका शांतपणे म्हणाले, "अहो, मूळ रूपात उभी राहण्याजोगी असती तर मी हात लावला नसता. हिला पुन्हा पळवायचंय मला."

कित्येक शनिवार आम्ही त्यांच्या गॅरेजात घालवले. काका प्रत्येक बदल आधी प्रुफरला, म्हणजे गाडी तपासून रस्त्यावर आणायची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारून येत. छताचे खांब कापून खाली आणल्यावर काचेची चौकट जुळेना, तर केलेलं वेल्डिंग तोडून त्यांनी ते पुन्हा केलं. अखेर परवानगी मिळाली आणि काकांनी शेजारच्या जर्मन आजींपासून सगळ्यांना पेढे वाटले.

आता सुलभाकाकूंचं सांगते. त्या पहिल्यापासून म्हणत, "मी नाही बसायची त्या डब्यात." इतक्या वर्षांच्या संसारानंतरही काकांनी ते खरं मानलं! परवानगी आली त्या दिवशी काकू ठेवणीतली साडी नेसून, अंबाडा घालून गॅरेजात हजर झाल्या. आत बसल्या आणि डोकं छताला टेकलं. काकू काकांपेक्षा चांगल्या उंच आहेत. लग्नाच्या फोटोत काका पाटावर उभे आहेत हे आपण सगळे जाणतोच. छताचं माप मात्र काकांनी स्वतःवरून घेतलं होतं. काकू मान वाकवून म्हणाल्या, "असू दे हो. मी आपली बसने येईन." आणि घरात गेल्या.

काकूंसाठी सीट खाली घ्यायची तर परवानगी पुन्हा घ्यावी लागणार होती. जुने प्रुफर निवृत्त झाले होते आणि नवे कडक होते. त्यांनी छतावरच बोट ठेवलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती, कारण कापलेले खांब काही पुन्हा वाढत नाहीत. मी म्हटलं, "काका, राहू द्या. काकू तर नाहीच म्हणत होत्या." काका माझ्यावर तेवढे एकदाच चिडले. "ती नाही म्हणाली, आणि मी विचारलंसुद्धा नाही दुसऱ्यांदा. गाडी अर्धीच झालीय."

त्यांनी सीट काढली, खालचा पत्रा नव्याने घडवला, अगदी तळाला टेकणारी बैठक केली, पट्टे नव्याने बसवले. नवे प्रुफर गाडीभोवती फिरले. "आल्झो, मग पास झालेली गाडी उघडलीत कशाला?"

"माझी बायको उंच आहे," काका म्हणाले.

प्रुफरनी काकूंना बसायला सांगितलं. काकू ताठ बसल्या. प्रुफरनी त्यांच्या अंबाड्यावर आपला पंजा आडवा धरला. तो छताखालून सहज सरकला. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, आणि शिक्का मारला.

मी पुष्कळ हुशार इंजिनियर पाहिले. पुरं झालेलं, वाखाणलं गेलेलं काम घरच्या एका माणसासाठी पुन्हा उघडणारे मात्र मी एकटे काकाच पाहिले. त्यांची शिष्या म्हणवून घ्यायचा मला फार अभिमान वाटतो.

काका, त्या बैठकीतून उठताना आता तुम्हां दोघांचे गुडघे कुरकुरतात. ते अजून खूप वर्षं कुरकुरत का होईना, तुम्हांला उठवत राहोत. तुम्ही काकूंना भरपूर फिरवा. दार उघडून हात द्यायला आम्ही सगळे उभे आहोत.