पिवळ्या वायरीतली गाठ

अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, डावा डोळा गेल्या वर्षी साखरेनं गेला. उजव्याचंही काही खरं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यानं मला फोन केला आणि भलतंच विचारलं.

"आपला तो टीव्हीवरचा गेम हाय का गं कुटं? एकदा बघू म्हणतो, दिसतंय तवर."

होता. शहराच्या पूर्व भागातलं आमचं जुनं घर विकलं तेव्हा जुन्या चादरीत बांधलेला तो गेम माझ्या माळ्यावर येऊन पडला होता. रविवारी ये, म्हटलं.

गुरुवारी शाळेतून आल्यावर मी तो खाली काढला. त्याच्या वायरीला दोन पिना, पिवळी चित्राची आणि पांढरी आवाजाची. आमच्या नव्या टीव्हीला मात्र पिवळं भोकच नाही. हिरवं आहे, निळं आहे, लाल आहे. पंचवीस वर्षं पोरींना विज्ञान शिकवते मी, आणि टीव्हीच्या मागं मान घालून अर्धा तास रंग जुळवत बसले होते. शेवटी टीव्हीबरोबर आलेली पुस्तिका शोधली. पिवळी पिन हिरव्या भोकात घालायची, असं तीत चित्र होतं. घातली. रिमोटवर एव्ही निवडलं.

आवाज आला. तीच टिणटिण धून. पडदा मात्र काळा ठिक्कर. कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली, अण्णा मारायचा तशी. पिना पुसल्या, उलटसुलट फिरवल्या, टीव्ही बंद करून चालू केला. काळाच. आवाज आहे आणि चित्र नाही, हे मी आधी एकदा पाहिलं होतं. ती संध्याकाळ मला आठवायची नव्हती.

नायना, आम्ही तेलुगू घरातली पोरं वडिलांना नायनाच म्हणायचो, यंत्रमागाच्या कारखान्यात होते. एका दिवाळीला बोनस आला आणि कधी नव्हे ते लाड म्हणून त्यांनी हा गेम आणला. अण्णा नववीत होता, मी सहावीत. एका सुट्टीत तो दुपारभर खेळत बसला, मला हात लावू देईना. मग आई ओरडली म्हणून दळण आणायला गेला. मी लगेच गेम खाटेवर ओढला. वायर खाटेच्या पायात अडकली होती. मी रागानं हिसका दिला आणि पिवळी वायर मधोमध तुटली.

नायना आले. मी एवढंच म्हणाले, "अण्णा दुपारभर खेळत होता." त्यात एक शब्द खोटा नव्हता.

नायनांनी वायर सोलली, जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. त्यांच्या हाताचं जोडलेलं कधी सुटत नसे. मग गेम लावला. आवाज आला, चित्र नाही. "वायर तर जोडली की! म्हणजे मशीनच जाळलं यानं, तापवून तापवून." अण्णाला त्यांनी कधी मारलं नव्हतं, तेवढं त्या दिवशी मारलं. अभ्यास नको, खेळ पाहिजे, मग शाळा तरी कशाला, म्हणाले. दोन दिवसांनी अण्णा कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसला. राग ओसरला तरी त्याची शाळा काही परत सुरू झाली नाही.

वायर मी तोडली, पण मशीन त्यानंच जाळलं, अशी मी मनाची समजूत घालून घेतली. मी शिकले, नोकरीला लागले. ती समजूत मला आयुष्यभर पुरली.

शुक्रवारी मी सगळं गाठोडं घेऊन टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं फार काही केलं नाही. पिवळी वायर काढली आणि तिच्या जागी पांढरी लावली. आवाज गेला आणि त्याच्या टीव्हीवर चित्र आलं. निळं आभाळ, विटा, उड्या मारणारा तो छोटा माणूस.

"मशीन ठणठणीत हाय की ताई. वायरीत घोळ हाय."

त्यानं ब्लेडनं चिकटपट्टी कापली आणि हसला. "तारेला गाठ मारत्यात व्हय कुणी? आतली तार येगळी, भवतीची जाळी येगळी. दोन्ही एकातच बांदलंय. चित्र येणार कुटनं?"

गाठ मी ओळखली. मागावर धागा तुटला की मारतात ती. इवलीशी, चपटी, फणीतून न अडकता जाणारी. नायना ती डोळे मिटूनही मारायचे. तुटलेलं जोडायची त्यांना तेवढी एकच रीत ठाऊक होती. मी दुकानात उभ्या उभ्या रडले. दुकानदार बिचारा घाबरला, नवी वायर देतो म्हणाला.

रविवारी अण्णा आला. टीव्हीपासून हातभर अंतरावर बसला, चित्र आलं तसा पुढं वाकला. मी त्याच्या हातात जुनी वायर दिली. त्यानं अंगठ्यानं चाचपली.

"नायनाची गाठ," तो म्हणाला.

मी सांगितलं. गाठीमुळं चित्र आलं नाही. मशीन कधी जळलंच नव्हतं. वायर माझ्या हातनं तुटली होती.

तो बराच वेळ गाठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"नायनाला कळलं नव्हतं न्हवं, गाठ चुकली म्हणून?"

"नाही."

"बरं झालं." मग म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"परवा. दुकानात."

"मशीनचं न्हाय. वायर तुझ्या हातनं तुटल्याचं."

मी गेमची बटणं दाबत राहिले. पडद्यावरचा माणूस खड्ड्यात पडला, धून थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"त्याच दिवशी," मी म्हणाले.

"आवाज वाढव जरा," अण्णा म्हणाला. मी वाढवला. त्यानं मान वळवली नाही. मी त्याच्या डावीकडं बसले होते, आणि त्या बाजूचं त्याला काही दिसत नाही.