पालमच्या रानातली सोयरीक

माझा एक वर्गमित्र शिकायला विलायतेला गेला आणि मी परभणीला गेलो. त्याला पोचवायला अर्धे गाव स्टेशनवर लोटले होते. मला पोचवायला वडील तेवढे आले, आणि तेही "मोगलाई आहे, जपून राहा" एवढेच बोलले. पण तसे बघितले तर माझाही परदेशच होता की! मनमाडला गाडी बदलून निजामाच्या हद्दीत शिरलो तेव्हा नाणे बदलले, टपालाचे तिकीट बदलले, स्टेशनांच्या पाट्यांवर उर्दू आली आणि सामान उपसून बघणारे करोडगिरीवाले (जकातवाले) भेटले. समुद्र तेवढा ओलांडायचा राहिला.

वर्ष होत आले तोवर तिथल्या सरकारी शेतावर मी ज्वारीचा अभ्यास केला. शेवटी तोंडी परीक्षा झाली आणि मी चांगला पास झालो. आमचे वरिष्ठ हैदराबादकडचे, बोलायला गोड पण टोचायला पक्के. त्यांनी चष्मा पुसत विचारले, "सब पढ़ लिए मियाँ, पर पालम का बी नै लाए तो क्या लाए?"

हे त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले. पालमजवळच्या एका गावात राधाबाई नावाच्या बाईंच्या घरी एक ज्वारी होती. परतीचा पाऊस दगा देऊन गेला तरी तिचे कणीस भरायचे. आमच्या माणदेशात हस्ताचा पाऊस चुकला की उभी ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपते, आणि मग गावातली निम्मी घरे जनावरे घेऊन चाऱ्यामागे बाहेर पडतात. मला पास झाल्याच्या कागदापेक्षा ते बी हवे होते. पण दोनदा जाऊन मी हात हलवत परत आलो होतो. राधाबाईंचे एकच पालुपद, "आमी बी इकत न्हाई. सोयऱ्याला देतो फकस्त." त्यांचे यजमान सोपानराव बाजूला बसून मान हलवत. त्या घरात बायकोच्या शब्दापुढे त्यांचा शब्द जात नव्हता.

घरी परतायला थोडे दिवस हाताशी होते. विलायतेत शिकलेले लोक शेवटी युरोप बघून येतात, मग मी निदान परभणी जिल्हा का बघू नये? अशा थाटात मी निघालो.

आधी सेलूला उतरलो. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. गाड्यांची रांग बाजारापासून पार वेशीबाहेर गेली होती आणि जिनिंगच्या कारखान्यांतून उडालेला कापूस सगळ्यांच्या मिशांवर बसला होता. एका आडत्याने मला व्यापारी समजून चहा पाजला आणि विद्यार्थी आहे म्हटल्यावर कप माझ्या हातात असतानाच तोंड फिरवले. मी चहा सावकाश संपवला.

तिथून पूर्णेला गेलो. पूर्णा म्हणजे सगळा रेल्वेचा संसार! घड्याळ बघायची कुणाला गरज नाही, कुठली गाडी आली यावरून बायका चुलीवर भात ठेवतात. फलाटावर गरम भजी खाल्ली, जीभ भाजली, आणि त्या गडबडीत छत्री विसरलो. हिवाळ्यात छत्री कशाला बाळगली होती हे मात्र मला विचारू नये.

मग गाडीने गंगाखेड. पुलावरून गोदावरी दिसली तशी डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. मनात एकच मागणे होते, ते वाचकांना सांगायला नको. गंगाखेडहून बैलगाडीने दिवस मावळताना पालमला पोचलो. गाडीवानाला उद्या राधाबाईंच्या गावी सोड म्हटले, तर तो म्हणाला, "उद्या अवस हाय साहेब. उद्या कोनी गाडी देनार न्हाई तुमाला." अमावास्येला प्रवास करत नसतील असे समजून मी सकाळी पायीच निघालो.

गाव दिसू लागले आणि मी थबकलो. एकाही घरावर धूर नव्हता. जवळ गेलो तर प्रत्येक दाराला कडी. पारावर कुणी नाही, आडावर एक घागर नाही, पोराच्या रडण्याचा आवाजसुद्धा नाही. एक म्हातारे कुत्रे माझ्याकडे बघून भुंकायचेही विसरले. मग मी शिवाराकडे पाहिले. शेताशेतांतून कडब्याच्या नव्या खोप्या उभ्या होत्या आणि धूर तिकडून निघत होता.

हे चित्र मला ओळखीचे होते. लहानपणी आमच्या गावात प्लेग आला तेव्हा सगळा गाव असाच कड्या लावून रानातल्या खोप्यांत राहायला गेला होता. परत येताना माझी धाकटी आत्या आमच्याबरोबर नव्हती.

मी सरळ उलट्या पावली पालमच्या वाटेला लागलो. भ्यालो होतो, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण गाडीवाटेपर्यंत आलो आणि पाय अडले. दोनदा नकार दिला तरी राधाबाईंनी मला दोन्ही वेळा जेवल्याशिवाय हलू दिले नव्हते. त्या घरात कोण उरले असेल? उपरणे नाकातोंडाला घट्ट बांधले आणि त्यांच्या शेताकडे वळलो.

खोपीपासून लांब उभा राहून ओरडलो, "मावशी, गाठी कुणाकुणाला आल्यात?"

राधाबाई बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतले लुगडे, नाकात नथ. "कोन हाय ते? तोंड बांदून का यायलाव?"

"गावात प्लेग आहे ना?"

त्यांच्या मागून सोपानराव आले. खांद्यावर घोंगडी, हातात आंबिलीचे (ताकातल्या ज्वारीच्या पेयाचे) मडके. माझा अवतार पाहून ते असे हसले की निम्मी आंबील पिकाऐवजी त्यांच्याच धोतरावर सांडली. "अहो, आज यळवस हाय! आज गावात कोन राहतंय? समदे रानात जेवायलेत!"

यळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. त्या दिवशी अख्खा गाव रानात येतो, कोप (कडब्याची खोपी) उभारून पूजा करतो, पिकावर आंबील शिंपडतो आणि दिसेल त्याला जेवायला बसवतो. आमच्याकडे हा सण नाही आणि मी परभणीला आलो तो फाल्गुनात, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. शेजारच्या शेतात बातमी पोचली, तिथून पलीकडच्या, आणि हसू शिवारभर पसरत गेले. मी उपरणे सोडले आणि हसण्यात सामील झालो, दुसरे काय करणार?

हसल्या नाहीत त्या राधाबाई. त्यांनी मला जवळ बोलावले. "पिलेग हाय असं वाटलं, मंग माघारी का न्हाई फिरलाव?"

"फिरलो होतो मावशी. पण तुमच्यातलं कोण राहिलंय ते कळल्याशिवाय जाववेना."

"अन् बी? बी न्हवतं डोस्क्यात?"

"तेही होतं. खोटं कशाला बोलू?"

आता त्या हसल्या. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मी नवी नवरी असताना पिलेग आल्ता. माजा सख्खा भाऊ बांदावर उभा राहून हाक मारून गेला, आत आला न्हाई. त्याचं चुकलं असं न्हाई, पन आला न्हाई. तू आलास. बस, आदी जेव."

'तुमी'चा 'तू' झाला तिथेच मला कळले होते, तरी धीर धरून बसलो. भज्जी (कडधान्यांची आणि पालेभाज्यांची बेसन लावलेली मिसळ भाजी), बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), वांग्याचे भरीत, तिळाची पोळी, खीर आणि वर आंबील. नको म्हणायची सोय नव्हती. शेजारच्या शेतांतूनही "प्लेगवाल्या पाव्हण्याला" बोलावणी आली आणि प्रत्येक कोपीत मी काही ना काही खाल्ले. इतका चेष्टेचा विषय होऊन इतका खूश मी आयुष्यात झालो नव्हतो.

उन्हे कलल्यावर आम्ही गावात आलो. राधाबाईंनी उतरंडीतले मडके काढले, राख आणि कडुनिंबाचा पाला बाजूला केला, आणि मोत्यासारखी ज्वारी माझ्यासमोर आली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात त्यांनी ती बांधली. "दाटून पेरू नको. अन् कोनी इकत मागितलं तर देऊ नको. सोयऱ्याला दे."

मी वाकून नमस्कार केला. परतीच्या वाटेवर आजूबाजूला कुणी नाही असे पाहून एक मोठी आरोळी ठोकली. कोपीतून कुणीतरी तितक्याच मोठ्याने उत्तर दिले.

परतताना हद्दीवरच्या स्टेशनात करोडगिरीवाले डब्यात शिरले. बाकी सामान हातानेच चाचपून शिपाई त्या गाठोड्याशी थांबला.

"यह क्या है? बेचने का माल है?"

"नाही. घरचं बी आहे. नात्यातल्या माणसांनी दिलंय."

त्याने माझा कोट पाहिला, माझी घाटी बोली ऐकली. "तुम तो उधर के हो. तुम्हारे नातेवाले इधर कहाँ के?"

"पालमचे," मी म्हणालो. एवढ्या मोठ्याने की सगळा डबा वळून बघू लागला.

त्याने गाठोडे जसेच्या तसे माझ्या हातात दिले. गाडी हलली. परभणीला येताना मी या मुलखाला परदेश म्हणत होतो. आता हद्द ओलांडताना मागे तिकडेही माझे एक घर होते, तिथे माझी मावशी होती, आणि तिच्या घरचे बी माझ्या मांडीवर होते.