फक्त मॅडमसाठी

अकोल्याहून बाळापूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत माझ्या शेजारी एक शिक्षिका बसल्या होत्या. कानात इयरफोन, डोळे मिटलेले. मधूनच त्या हळूच म्हणत, "हं, घाई नको करू." न राहवून मी विचारलं.

"वर्गातली एक पोरगी हाये," त्या म्हणाल्या. "बोलताना अडखळते. पोरं हासले, तवापासून वर्गात तोंडच उघडत नाही. मंग मधल्या सुट्टीत माहा मोबाईल देल्ला तिले. म्हटलं, धडा वाचून रेकॉर्ड कर, मी एकटीच ऐकीन. हे कालचं हाये."

"मला ऐकवता?"

त्यांनी मोबाईल छातीशी धरला. "नाही भाऊ. तिनं माह्या भरवशावर वाचलं. ऐकून झालं का मी पुसून टाकते."

मुलांचे व्हिडिओ दिवसभर ग्रुपवर फिरत असतात. हा एक आवाज मात्र कुणीतरी इतका जपून नेत होतं, याचं मला फार बरं वाटलं.

बाळापूर जवळ आलं, तशा त्या एकदम सरळ बसल्या. शेवट पुन्हा ऐकला आणि डोळे पुसत हसल्या.

"एवढं सांगते तुमाले. धडा संपल्यावर इचारते, मॅडम, उद्या वर्गात वाचू का?"

बस थांबायच्या आतच त्या पर्स सावरत उठल्या. "उद्या म्हंजे आजच ना, भाऊ!"